पाकिटावरचं नाव

भाच्याने खिशातून एक पाकीट काढून माझ्यासमोर टेबलावर ठेवलं आणि म्हणाला, “मावशी, तुमच्या प्रयोगशाळेतल्या काट्यावर याचं वजन करून देशील? माझ्याकडचा काटा भरवशाचा नाही.” चंदेरी रंगाचं, तळहाताएवढं पाकीट, वर दाबून बंद करायची पट्टी. आत पांढरी पूड. बाहेर चिकटवलेल्या चिठ्ठीवर छापलेलं नाव, त्याखाली वजन, आणि त्याच्याही खाली अगदी बारीक अक्षरांत ‘फक्त संशोधनासाठी, सेवन करू नये’. मी चष्मा लावून नाव वाचलं. फेविपिप्रंट. ते पाहिल्यावर माझ्या पोटात काहीतरी हललं, पण तोंडातून निघालं ते इतकंच: “वेड लागलंय का तुला?”

त्याने वाद घातला नाही. घातला असता तर बरं झालं असतं. त्याने पाकिटाची पट्टी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अंगठ्याने दाबत नेली, ती नीट बसली का हे पुन्हा उलट दिशेने तपासलं आणि पाकीट खिशात ठेवलं. “राहू दे,” म्हणाला. मग माझ्या कॉलेजबद्दल दोन प्रश्न विचारले, उत्तरं ऐकली न ऐकली असं करून दहा मिनिटांत निघून गेला. जाताना दारात टोपी घातली. हल्ली तो कायम टोपी घालतो हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. सव्वीस वर्षांचा आहे. कपाळाच्या दोन्ही बाजूंनी केस मागे गेलेत आणि मध्ये डोक्यावर विरळ झालेत, एवढंच. पण त्या “एवढंच” मध्ये त्याचं काय चाललंय, हे मी कधी विचारलं नव्हतं.

कुणी ओळखीचं नसलेल्या ठिकाणाहून मागवलेली पूड पोटात घेऊ नये, हे मी आजही म्हणेन. नकार दिल्याचं मला वाईट वाटत नव्हतं. पण ते वाक्य बोलायचा अधिकार मला कितपत होता, हे मनातून जात नव्हतं.

कारण दम्यावरचं येऊ घातलेलं औषध म्हणून त्याच नावाची वाट मी स्वतः तीन वर्षं पाहिली होती.

मला दमा लागला तो तिसाव्या वर्षी, आधी नाक चोंदायला लागून. नाकात मांस वाढलं, वास जाणं बंद झालं आणि मग एका पावसाळ्यात छाती वाजायला लागली. रात्री तीनच्या सुमाराला जाग येते ती आवाजाने, आणि तो आवाज आपल्याच छातीतला आहे हे कळायला दोन क्षण जातात. बारीक, लांबलचक शिट्टी. दमा नसलेल्यांना वाटतं की श्वास आत घेता येत नसेल. खरं तर आत घेतलेला बाहेर सोडवत नाही. उठून बसायचं, हात गुडघ्यांवर रोवायचे, अंधारात पंप चाचपायचा. पंपाचा गार, कडवट फवारा घशाला लागतो आणि त्यानंतरची पाच-सात मिनिटं फार विचित्र असतात. काही करता येत नाही. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा ऐकत बसायचं आणि शिट्टी किती खाली उतरली ते मोजायचं. घरातलं बाकी सगळं झोपलेलं असतं. त्या वेळेला माणूस फार एकटा असतो, आणि त्या वेळेला मनात येणाऱ्या आशाही दिवसाच्या आशांपेक्षा वेगळ्या असतात.

पुढच्याच वर्षी दाढ दुखायला लागली म्हणून मी घरातली एक साधी वेदनाशामक गोळी घेतली. अर्ध्या-पाऊण तासात नाकातून पाणी, डोळे लाल, आणि छाती अशी आवळली की पंपाने सुटेना. रात्र रुग्णालयात काढली. सकाळी तिथल्या डॉक्टरांनी माझ्या केसपेपरच्या पाठीमागे पेन्सिलीने एक आकृती काढून दाखवली. वर एक आम्ल, अ‍ॅराकिडोनिक. त्यातून खाली दोन वाटा फुटतात. एका वाटेने प्रोस्टाग्लँडिन तयार होतात, दुसऱ्या वाटेने श्वासनळी आवळणारे ल्युकोट्राईन. अ‍ॅस्पिरिनच्या जातीच्या गोळ्या पहिली वाट अडवतात. बहुतेकांचं त्याने दुखणं थांबतं. पण दम्याच्या काही रुग्णांमध्ये त्याच वाटेवरचं ई-२ नावाचं प्रोस्टाग्लँडिन दुसऱ्या वाटेला लगाम घालून असतं. ते घटलं की लगाम सुटतो आणि ल्युकोट्राईन सुसाट सुटतात. “तुमच्या बाबतीत सगळंच अडवून चालणार नाही,” ते म्हणाले, “नेमकं काय अडवायचं ते शोधावं लागेल.” तो कागद मी जपून ठेवलाय. पेन्सिलीच्या रेघा आता पुसट झाल्यात.

रसायनशास्त्र शिकवते म्हणून असेल, मी त्या आकृतीच्या मागे लागले. प्रोस्टाग्लँडिन हे नावच एका गैरसमजातून आलेलं. स्वीडनचे उल्फ फॉन ऑयलर यांना वीर्यामध्ये रक्तदाब उतरवणारा आणि गुळगुळीत स्नायू आकुंचवणारा एक पदार्थ सापडला. तो प्रोस्टेट ग्रंथीतून येत असणार असं धरून त्यांनी १९३५ मध्ये हे नाव दिलं. तो मुख्यतः शेजारच्या शुक्राशयांतून येतो हे पुढे कळलं, आणि शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीला असले पदार्थ बनवता येतात हे त्याच्याही पुढे. सुने बर्गस्ट्रम यांनी मेंढ्यांच्या ग्रंथींपासून ते शुद्ध करून काढले, बेंग्ट साम्युएल्सन यांनी ते शरीरात कसे घडतात ते उलगडलं, आणि जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवून दिलं की अ‍ॅस्पिरिन प्रोस्टाग्लँडिन घडूच देत नाही. १९८२ चं नोबेल या तिघांना मिळालं. व्हेन यांच्या शोधाजवळ मी नेहमी थबकते. अ‍ॅस्पिरिन १८९९ पासून विकली जात होती. म्हणजे सत्तर वर्षं लोक ती घेत होते, त्यांची डोकेदुखी थांबत होती, ताप उतरत होते, आणि ती आत जाऊन करते काय, हे कुणालाच माहीत नव्हतं.

वर्गात फळ्यावर मी हे रेणू काढते तेव्हा मुलं वर बघतात, कारण ते दिसायला देखणे आहेत. वीस कार्बनची साखळी, मध्ये वळून पाच कोनांचं कडं, आणि कड्यातून निघालेल्या दोन लांब शेपट्या. डी-२ आणि ई-२ शेजारी शेजारी काढले तर पटकन फरक सापडत नाही. अणू तेच, तितकेच. कड्यावर एका जागी कीटोन आहे आणि एका जागी हायड्रॉक्सिल, आणि दोघांमध्ये त्यांच्या जागांची फक्त अदलाबदल झालेली. श्वासनळीत मात्र ई-२ आवळलेलं सैल करतं आणि डी-२ आवळतं. खडू खाली ठेवून मी दर वर्षी हे सांगते आणि दर वर्षी सांगताना माझा हात नकळत गळ्यापाशी जातो.

तर हे डी-२. श्वासनळीच्या अस्तरात बसलेल्या, अ‍ॅलर्जीत भडकणाऱ्या मास्ट पेशी चिडल्या की ते ओततात. ते जाऊन दोन ठिकाणी बसतं. पेशीवरच्या अशा जागेला ग्राही म्हणतात. एका ग्राहीला डीपी-१ म्हणतात, दुसऱ्याला डीपी-२. दुसरा ग्राही असतो तो इओसिनोफिलसारख्या पांढऱ्या रक्तपेशींवर, ज्या दम्यात श्वासनळीकडे धावत येतात आणि तिथे मुक्काम ठोकतात. डी-२ ही त्यांना मारलेली हाक. मग विचार असा, की सगळी वाट अडवण्यापेक्षा फक्त हाक ऐकणारा तो एक कान बंद करावा. फेविपिप्रंट नेमकं तेच करणारं होतं. दिवसातून एकदा घ्यायची गोळी. “नेमकं काय अडवायचं ते शोधावं लागेल” या वाक्याचं उत्तर मला कुणीतरी पाठवल्यासारखं वाटलं.

२०१६ मध्ये इंग्लंडमधल्या लेस्टरच्या संशोधकांचा एक निबंध आला. एकसष्ट रुग्ण होते. गोळी घेतलेल्यांच्या बेडक्यातलं इओसिनोफिलचं सरासरी प्रमाण ५.४ टक्क्यांवरून १.१ टक्क्यांवर आलं होतं, खोटी गोळी घेतलेल्यांचं फारसं हललं नव्हतं. मी तो निबंध छापून घेतला आणि त्या दोन आकड्यांखाली लाल रेघ ओढली. त्यानंतर मी वाट पाहायला लागले. नोव्हार्टिस कंपनीने या गोळीच्या मोठ्या चाचण्या सुरू केल्या होत्या, त्यांची नावं मला नातेवाइकांच्या मुलांसारखी पाठ होती. झील एक आणि दोन, लस्टर एक आणि दोन. रात्री छाती वाजली की पंप ओढून झाल्यावर मी मनात म्हणायचे, अजून दोन वर्षं. मग, अजून एक वर्ष. हे मी घरात कुणाला बोलले नाही. माझी औषधं चालू होती, मी त्यांच्यावर जगत होते, तक्रार करण्यासारखं काही नव्हतं. पण त्या तीन वर्षांत मी माझ्या दम्याकडे पाहुण्यासारखं बघायला लागले होते, हे खरं.

ऑक्टोबर २०१९ मध्ये झीलचा निकाल आला. फुप्फुसाची ताकद खोट्या गोळीपेक्षा लक्षणीय वाढली नव्हती. लस्टर बाकी होत्या, त्या अधिक गंभीर रुग्णांवरच्या, वर्षभर चाललेल्या, दोन्हींत मिळून १,७०० हून जास्त माणसं. डिसेंबरमध्ये त्यांचाही निकाल आला. दम्याचे झटके थोडे कमी झाले होते, मोठ्या मात्रेवर जरा अधिक, पण ते कमी होणं आधी ठरवलेल्या कसोटीला उतरलं नाही. औषध धोक्याचं ठरलं नव्हतं. पुरेसं ठरलं नव्हतं. कंपनीने दम्यासाठीचं काम थांबवलं. बातमी पाच-सहा ओळींची होती. मी ती पुन्हा पुन्हा वाचली, जणू एखादा शब्द माझ्याकडून निसटला असेल. एखादं औषध जातं तेव्हा कुणी सांत्वनाला येत नाही. ते कधी आलेलंच नसतं, त्यामुळे गेलं असं तरी कसं म्हणायचं.

इओसिनोफिल खरोखर कमी झाले होते. हाक खरोखर ऐकू जात नव्हती. आणि तरी दमा आपल्या जागी होता.

भाच्याच्या डोक्याशी या गोष्टीचा संबंध आला तो २०१२ मध्ये, तेव्हा तो शाळेत होता. पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठातल्या जॉर्ज कॉट्सरेलिस यांच्या गटाने टक्कल पडलेल्या पुरुषांच्या टाळूचे दोन तुकडे तपासले, एक केस गेलेल्या जागेचा आणि एक त्याच डोक्यावरच्या केस असलेल्या जागेचा. केस गेलेल्या जागी डी-२ जास्त सापडलं आणि ते बनवणारं विकर, म्हणजे एन्झाइमही जास्त. उंदरांच्या कातडीवर डी-२ चोळलं तर केसांची वाढ मंदावली. काचेच्या बशीत जिवंत ठेवलेल्या माणसाच्या केसांच्या मुळांवर घातलं तरी तेच. आणि हे सगळं घडायला लागत होता तो ग्राही डीपी-२. त्याच गटाने आदल्या वर्षी आणखी एक गोष्ट दाखवली होती, की टक्कल पडलेल्या टाळूत केसांच्या मूळपेशी मेलेल्या नसतात, त्या जागेवर असतात, फक्त पुढची पिढी तयार करत नाहीत. या दोन गोष्टी एका तरुण मुलाने एकापाठोपाठ वाचल्या तर काय होईल? केस मेलेले नाहीत, झोपलेत. त्यांना झोपवणारा पदार्थ कोणता ते कळलंय. आणि त्या पदार्थाची वाट अडवणाऱ्या गोळ्या आधीच तयार आहेत, दम्यासाठी बनवलेल्या, माणसांना देऊन पाहिलेल्या.

यातला एकही शब्द खोटा नाही. म्हणूनच सुटका होत नाही.

त्यातली पहिली गोळी सेटिपिप्रंट. अ‍ॅक्टेलियन कंपनीने ती अ‍ॅलर्जीसाठी आणि दम्यासाठी करून पाहिली होती आणि सोडून दिली होती. २०१५ मध्ये कायथेरा नावाच्या कंपनीने तिचे हक्क केसांसाठी घेतले, त्याच वर्षी कायथेरालाच अ‍ॅलर्गनने विकत घेतलं, आणि चाचणी झाली. अठरा ते एकोणपन्नास वयाचे १६९ पुरुष. हजार मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, चोवीस आठवडे. टाळूवर ठरवलेल्या एका छोट्या जागेतले केस आधी मोजायचे आणि नंतर मोजायचे. निकाल २०२१ मध्ये छापून आला: खोट्या गोळीच्या तुलनेत फरक नाही. औषध लोकांना सोसलं, केस आले नाहीत. असं का, याची उत्तरं बरीच देता येतील. पूर ओसरल्यावर भिंतीवर गाळाची रेघ उरते. ती पुसली म्हणून पाणी आलंच नव्हतं असं होत नाही. डी-२ तशी रेघ असेल. किंवा ते कारणांपैकी एक असेल आणि एकटं अडवून भागत नसेल. किंवा केसांची मुळं इतकी बारीक झालेली असतील की आता कुणीही वाट मोकळी करून दिली तरी त्यांना उठवत नसेल.

पण ज्याला हवंय त्याला ही उत्तरं वेगळी ऐकू येतात. चोवीस आठवडे कमी पडले असतील. गोळी दुबळी असेल, त्याच जातीतली फेविपिप्रंट त्या ग्राहीला जास्त घट्ट धरते, ती केसांसाठी तपासून कुणी पाहिलीय? हे मी भाच्याच्या तोंडून नंतर ऐकलं, पण आधीच सांगू शकले असते. २०१९ च्या त्या डिसेंबरात मीही हाच हिशेब करत होते. मोठ्या मात्रेवर झटके थोडे कमी झाले होते ना? मग त्या थोड्यातली मी असेन तर? चालू असलेल्या औषधाबद्दल असं वाटत नाही. त्याच्या मर्यादा आपल्याला रोज भेटतात. सोडून दिलेलं औषध आपल्या वाट्याला आलेलंच नसतं, त्यामुळे त्याने आपल्याला कधी निराश केलेलं नसतं. त्यात केसांना प्रोस्टाग्लँडिनचा स्पर्श चालतो हे तर सगळ्यांसमोर घडलेलं. काचबिंदूच्या थेंबांनी लोकांच्या पापण्या लांब व्हायला लागल्या, आणि त्यातलं बायमॅटोप्रॉस्ट २००८ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत खास पापण्यांसाठी मंजूर झालं. तेही याच कुटुंबातलं. एका भावंडाने केस वाढतात, मग दुसऱ्याला अडवून का वाढू नयेत?

या सगळ्या औषधांच्या नावांना एकच शेपूट आहे, ‘पिप्रंट’. नावं ठरवणाऱ्यांनी प्रोस्टाग्लँडिनचे ग्राही अडवणाऱ्यांना दिलेलं आडनाव. मी ते आडनाव लावणाऱ्यांचा मागोवा घेत बसले होते एका रविवारी. लॅरोपिप्रंट डीपी-१ अडवायचं. कोलेस्टेरॉलसाठी देतात ते नायसिन घेतल्यावर चेहरा लाल होऊन भाजल्यासारखं होतं, ते होऊ नये म्हणून ते नायसिनबरोबर एकाच गोळीत घातलं. युरोपात मंजूरही झालं. मग २५,६७३ माणसांवर, जवळजवळ चार वर्षं चाललेल्या चाचणीत दिसलं, की हृदयविकार टळत नाहीत आणि मधुमेह, रक्तस्राव, जंतुसंसर्ग यांचे गंभीर त्रास मात्र वाढतात. २०१३ च्या जानेवारीत गोळी बाजारातून गेली. दोन्ही औषधं एकाच गोळीत असल्यामुळे कशाने किती झालं हे त्या चाचणीतून वेगळं काढता आलं नाही. ग्रॅपिप्रंटचं नशीब आणखी निराळं. ते माणसांच्या दुखण्यासाठी जन्मलं आणि २०१६ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं ते कुत्र्यांच्या सांधेदुखीवर. कुठल्या तरी म्हाताऱ्या कुत्र्याला पायऱ्या चढता येतायत, हे वाचून मला खरंच बरं वाटलं.

लॅरोपिप्रंटच्या चाचणीतला पंचवीस हजारांचा आकडा मला भाच्याला सांगायचा होता. रोफेकॉक्सिबची गोष्टही. तीही प्रोस्टाग्लँडिन अडवणारीच गोळी होती, पोटाला जपून दुखणं थांबवणारी. पाच वर्षं बाजारात होती, लाखोंनी घेतली, आणि ३० सप्टेंबर २००४ ला मागे घेतली गेली, कारण अठरा महिन्यांपेक्षा जास्त काळ घेणाऱ्यांत हृदयविकार आणि पक्षाघात वाढलेले दिसले. एका माणसाला स्वतःच्या शरीरात हे कधीच दिसलं नसतं. आपल्याला आपली छाती दुखली तर ती आपली छाती दुखली एवढंच कळतं. पण हे सांगायला आधी त्याच्याशी बोलणं सुरू व्हायला हवं होतं, आणि ते मी एका वाक्यात बंद केलं होतं.

तीन आठवड्यांनी मी त्याच्या खोलीवर गेले. जाताना तो लाल रेघांचा निबंध आणि डिसेंबरची ती बातमी घेऊन गेले. तो जरा सावधपणे बसला होता. मी कागद त्याच्यासमोर ठेवले. त्याने नाव वाचलं, तारीख वाचली, मग समासात माझं अक्षर बघितलं. समासात मी लिहिलं होतं, ‘अजून एक वर्ष’. त्याने मान वर केली. “मावशी, तुला हे मिळालं असतं तर तू घेतलं असतंस?” मी म्हटलं, त्या महिन्यात कुणी आणून दिलं असतं तर, हो, घेतलं असतं. हे मी पहिल्यांदाच कुणाला तरी मोठ्याने सांगत होते.

मग त्याने सगळं काढून दाखवलं. पूड तो पाच आठवडे घेत होता, मला विचारायला आला त्याच्या आधीपासूनच. छोटासा खिशात मावणारा काटा, त्याच्यावर काळ्या रंगाची बशी, नखाएवढी. मी म्हटलं, कर वजन, मला बघू दे. त्याने सुरीच्या टोकाने पूड घातली. आकडा १५० वर आला. मी त्याला बशी उचलून पुन्हा ठेवायला सांगितली. १४३. पंखा बंद करायला सांगितला. १५८. टेबलावर मी कोपर टेकवलं तर १६१. पूड तीच, एक कणही इकडचा तिकडे झाला नव्हता. आमच्याकडच्या काट्याला काचेची पेटी असते, तिचं दार लावून आकडा थांबेपर्यंत आम्ही श्वाससुद्धा जपून घेतो, हे मी त्याला सांगितलं. आणि तो काटासुद्धा वजनच सांगतो. पांढरं ते काय आहे, त्यात आणखी काय मिसळलंय, बनवताना धुवायचं राहिलेलं काय त्यात उरलंय, हे सांगत नाही. त्यासाठी लागणारी यंत्रं वेगळी असतात, आणि पाकिटावरची चिठ्ठी हे त्यातलं एकही यंत्र नाही. तो ऐकत होता. बोटाला लागलेली पूड त्याने अंगठ्याने चोळली, वास घेतला. कसलाच वास नव्हता.

फोनमध्ये त्याच्याकडे फोटो होते. दर रविवारी सकाळी, एकाच दिव्याखाली, मान एकाच कोनात झुकवून काढलेले. पहिल्यात केस ओले होते म्हणून तो त्याने मोजणीत धरला नव्हता, इतका काटेकोर. आम्ही दोघं फोनवर वाकलो. त्याने बोटांनी फोटो मोठा केला, डोक्याच्या मधोमधच्या त्या विरळ जागेपर्यंत. कातडी गुलाबीसर, तिच्यावर मधूनच उभे असलेले केस, काही जाड, काही लवेइतके बारीक. दुसरा रविवार, तिसरा, पाचवा. “इथे बघ,” तो म्हणाला, “हे नवीन वाटतात ना?” मी बघितलं. मला नवीन वाटले. मग मागचा फोटो पुन्हा बघितला तर तिथेही तसेच होते, फक्त दिव्याचा उजेड त्यांच्यावर दुसरीकडून पडलेला. मी त्याला खरं ते सांगितलं, की मला कळत नाहीये. तो म्हणाला, “मलाही कळत नाही. रोज सकाळी उशीवर मोजतो. कधी अकरा असतात, कधी चाळीस.” नंतर बराच वेळ आम्ही दोघं काही बोललो नाही. त्याच्या वयात मी रात्रीच्या शिट्ट्या मोजत नव्हते, पण मोजण्याचं हे वेड मला ओळखीचं होतं. रविवारी फोटो चांगला आला तर त्याचा सोमवार चांगला जातो, हे त्याने सांगण्याआधीच मला समजलं.

त्वचेच्या डॉक्टरांकडे जाऊ, मी बरोबर येते, असं मी म्हटलं. फिनास्टेराइड आहे, मिनॉक्सिडिल आहे, दोन्ही बरीच वर्षं, बऱ्याच माणसांवर तपासलेली. त्यांचेही त्रास आहेत, पण ते कुणीतरी मोजून लिहून ठेवलेत. त्याने हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. निघताना त्याने ते चंदेरी पाकीट माझ्या हातात दिलं. “तूच ठेव. माझ्याकडे राहिलं तर मी घेईन.” पट्टी त्याने तशीच दाबून बंद केली होती, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

कॉलेजात रसायनांची विल्हेवाट लावायची एक रीत आहे, वही आहे, त्यात नाव आणि वजन लिहावं लागतं. दोन आठवडे झाले, मी ते पाकीट अजून नेलेलं नाही. ते माझ्या पलंगाशेजारच्या खणात आहे, पंपाच्या मागे. परवा रात्री तीनला जाग आली तेव्हा चाचपताना माझ्या बोटांना आधी त्याचा गुळगुळीत कागद लागला. मी पंप घेतला. शिट्टी उतरायला सहा मिनिटं लागली.

काल रविवार होता. सकाळी भाच्याचा फोटो आला. तोच दिवा, मानेचा तोच कोन, खाली काहीच लिहिलेलं नाही. मी तो मोठा करून बघितला. मग मागच्या रविवारचा मागवून घेतला आणि दोन्ही शेजारी शेजारी ठेवले.